जुना बँडसॉ घेताय? आधी चकती कापून पाहा

ट्रॉलीची चॅनल, पेरणी यंत्राचा स्क्वेअर पाइप, डाळमिलचा शाफ्ट, ऊस गाळपाआधी कारखान्याकडून आलेलं दुरुस्तीचं काम. नांदेड-लातूरच्या कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये कामाची सुरुवात कापण्यापासून होते आणि पुष्कळदा कामाचा खोळंबाही तिथेच होतो. मग कुणीतरी सुचवतं, ‘हैदराबादला जुना बँडसॉ आहे, पुण्याला एक कारखाना बंद पडलाय, राजकोटहून मागवून देतो.’ मोबाइलवर फोटो येतो. ताजा रंग मारलेलं यंत्र चकाकत असतं. किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी सांगितलेली असते आणि ‘दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय’ हेही सांगून झालेलं असतं.

अशा वेळी वाचक विचारतात ते प्रश्न फिरून फिरून सारखेच असतात. कोणत्या कंपनीचा घ्यावा? किती इंची घ्यावा? फसलो तर दाद कुठे मागायची? प्रश्न रास्त आहेत, पण पहिल्या प्रश्नाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं जातं. जुन्या यंत्रावर कंपनीची पाटी कोणती आहे यापेक्षा ते गेली दहा वर्षं कुणाच्या हाताखाली चाललं, हे महत्त्वाचं. ते विक्रेता सांगणार नाही. यंत्राने कापलेली चकती मात्र सांगते.

आधी ठरवा: बँडसॉ हवाच आहे का?

तुमचं काम मुख्यतः ग्रिल, गेट आणि शेडचं असेल, दिवसाला पंधरा-वीस पातळ पाइप आणि अँगल कापायचे असतील, तर १४ इंची चॉप सॉ पुरेसा आहे. ठिणग्या, धूळ आणि कर्कश आवाज हा त्याचा तोटा. पण जागा कमी लागते आणि पैसे अडकत नाहीत. लेथसाठी दिवसाला चार-पाच राऊंड बारच कापायचे असतील तर जुना पॉवर हॅकसॉही वाईट नाही. संथ चालतो, पण त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं.

बँडसॉचा फायदा दिसतो तो सारख्या मापाचे तुकडे रोज मोठ्या संख्येने काढायचे असतात तेव्हा. एक साधा हिशेब पाहा. चॉप सॉ किंवा पॉवर हॅकसॉ प्रत्येक कापात अडीच ते तीन मिमी धातू खातो. २७ मिमी रुंदीचं बँडसॉ ब्लेड दीड मिमीच्या आसपास खातं. बचत फक्त एक मिमी धरली आणि ५० मिमी राऊंडचे दिवसाला १०० काप घेतले, तर १०० मिमी माल वाचतो. या राऊंडचं वजन मीटरला १५.४ किलो, म्हणजे रोजचा दीड किलो आणि महिन्याच्या २५ दिवसांत जवळजवळ ३८ किलो. त्यात आणखी एक गोष्ट धरा. चॉप सॉने कापलेलं टोक तापून कडक होतं आणि लेथवर टूलची धार खातं. बँडसॉचं टोक तसं होत नाही.

तुमच्या आकड्यांनी हाच हिशेब करा. उत्तर फारच लहान आलं तर यंत्राचे पैसे माल भरायला वापरा.

कोणत्या जातीचा घ्यावा?

एक गोंधळ आधीच दूर करायला हवा. लाकडाच्या वखारीतल्या आरा मशीनलाही बँडसॉच म्हणतात आणि ‘मोठा बँडसॉ, स्वस्तात’ म्हणून तेही दाखवलं जातं. लाकडाचं ब्लेड मिनिटाला हजार मीटरच्या आसपास पळतं. साधं लोखंड कापायला ६० ते ८० मीटर आणि स्टेनलेसला ३० ते ४० मीटर वेग लागतो. पुली बदलून हे अंतर भरून निघत नाही. असं यंत्र धातूसाठी घेऊ नका.

धातूच्या आडव्या बँडसॉमध्ये तीन प्रकार तुमच्या कामाचे आहेत:

- साडेचार इंची लहान यंत्र: १३ मिमी रुंद ब्लेड, सिंगल फेजवर चालतं आणि डोकं स्वतःच्या वजनाने खाली येतं. पातळ पाइप आणि बारीक राऊंडसाठी ठीक. ७५ मिमीच्या भरीव राऊंडवर ते रोज झिजवू नका.
- बिजागरीसारखं एका बाजूने खाली येणारं (स्विंग) यंत्र: डोकं किंवा व्हाइस फिरवून ४५ अंशात कापता येतं. फॅब्रिकेशनवाल्यांना हे सोयीचं. पण तिरक्या कापात क्षमता बरीच घटते, म्हणून ४५ अंशातली क्षमता वेगळी विचारा.
- दोन खांबांचं (डबल कॉलम) यंत्र: जड राऊंड, रोजचं उत्पादन आणि सरळ काप यांसाठी. लेथ, शाफ्ट आणि गिअरचं काम करणाऱ्यांनी शक्यतो हेच पाहावं.

माप ठरवताना वर्षातून एकदा येणारा सर्वांत जाड बार डोळ्यांपुढे ठेवू नका. रोजचं काम ६० मिमीचं असेल तर ३०० मिमीचं यंत्र जागा खातं, वीज खातं आणि त्याचं रुंद ब्लेड महाग पडतं. वर्षातला तो एक बार बाहेरून कापून आणता येतो.

कंपनीविषयी थोडक्यात: इंदूरच्या आयटीएलसारख्या भारतीय कंपन्यांची यंत्रं सेकंडहँड बाजारात येतात. जपानच्या अमाडाची आणि तैवानच्या एव्हरायझिंगचीही कधी मिळतात. परदेशी यंत्र चांगलं असलं तरी त्याचं कंट्रोल कार्ड, हायड्रॉलिक व्हॉल्व्ह आणि गाइड इथे मिळतील का, हे पैसे देण्याआधी एका फोनवर विचारून घ्या. नांदेड-लातूरच्या वर्कशॉपला साधं, बटणांचं आणि रिलेचं यंत्र जास्त परवडतं. ते बिघडलं तर गावातला इलेक्ट्रिशियन दुरुस्त करू शकतो.

बघायला जाताना सोबत काय न्यावं

वाळूज, भोसरी, हैदराबादचं बालानगर, कुठेही जायचं असलं तरी हात हलवत जाऊ नका. फोनवर ब्लेडची लांबी, रुंदी आणि जाडी विचारून घ्या आणि त्या मापाचं नवं बायमेटल ब्लेड स्वतः सोबत न्या. ब्लेड विक्रेते रोलमधून हव्या त्या लांबीचं तोडून वेल्ड करून देतात. बिलिमोऱ्याच्या बिपिकोची किंवा जर्मनीच्या विकसची ब्लेडं मागितली तर कोणत्याही औद्योगिक गावात दुकानदाराला कळतं.

हा खर्च फुकट जाईल, असं वाटेल. पण याच खर्चाने विक्रेत्याची सगळ्यांत जुनी सबब बंद होते. काप वाकडा आला की तो म्हणतो, ‘ब्लेड जुनं आहे हो, नवं टाकलं की सरळ येईल.’ नवं ब्लेड तुमच्याच हातात असेल तर या वाक्याला जागा उरत नाही.

दातांची निवड करताना लक्षात ठेवायचं ते इतकंच, की कापताना निदान तीन दात धातूत असले पाहिजेत. पातळ पाइपला इंचात १०/१४ दातांचं, ५० मिमी भरीव राऊंडला ५/८ चं आणि १०० मिमीच्या आसपास ४/६ चं ब्लेड चालतं. पातळ पाइपवर जाड दात घातले तर ते पहिल्याच मिनिटात तुटतात आणि दोष यंत्रावर येतो.

ब्लेडखेरीज व्हर्निअर, चांगला गुण्या, टॉर्च, फडकं, खडू आणि ७५ किंवा १०० मिमी राऊंडचा फूटभर तुकडा न्या. शक्य असेल तर आयटीआय किंवा पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमधला जाणता माणूस किंवा तुमचा जुना फिटर बरोबर घ्या. यंत्र चालू होताच त्याच्या कानाला गिअरबॉक्सचा आवाज कळतो.

यंत्र बंद असताना

‘चालवून दाखवतो’ असं म्हटलं तरी आधी बंदच ठेवायला सांगा. मोटरला हात लावा. ती गरम असेल तर तुम्ही येण्याआधी यंत्र बराच वेळ चालवून ठेवलं आहे. कारण विचारा.

- चाकं: कव्हर उघडा. ब्लेडची मागची कड ज्या कडेला टेकते ती कड झिजून पायरी पडली आहे का, बोट फिरवून पाहा. चाक दोन्ही हातांनी धरून हलवा. खडखड झाली तर बेअरिंग गेलेलं आहे. बेअरिंग बदलता येतं. झिजलेलं चाक मात्र टर्निंग करून घ्यावं लागतं किंवा नवं शोधावं लागतं.
- गिअरबॉक्स: तेलात काडी बुडवून उजेडात धरा. सोनेरी चमचम दिसली तर आतलं पितळी-ब्राँझचं वर्म व्हील झिजतंय. हा खर्च मोठा आहे. किमतीतून तो वजा होणार नसेल तर पुढे जाऊ नका.
- गाइड: ब्लेडला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या कार्बाइडच्या पट्ट्यांवर खाचा पडल्या आहेत का? गाइडचे हात सरकवून जॉबच्या जवळ आणता येतात का? ते जाम असतील तर लहान तुकडा कापतानाही ब्लेड मधे लोंबतं आणि वाकतं.
- खांब किंवा बिजागरी: दोन खांबांच्या यंत्रात क्रोमवर उभ्या रेघोट्या पडल्या आहेत का ते पाहा. स्विंग यंत्रात डोकं वर करून आडवं हलवा. पिनमध्ये ढिलाई असेल तर काप सरळ येणारच नाही.
- फ्रेम: रंगाच्या थराखाली वेल्डिंगची रेघ दिसते का? टॉर्च तिरका धरून पाहा.
- पॅनेल: जळालेले कॉन्टॅक्टर, आणि विशेषतः तारेने जोडून बायपास केलेला लिमिट स्विच. कव्हर उघडं असतानाही यंत्र चालू होत असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. फिरत्या ब्लेडजवळ बोट जायला क्षण पुरतो.

हायड्रॉलिक यंत्र असेल तर डोकं अर्ध्यावर उचलून थांबवा, खांबावर खडूची खूण करा आणि दहा मिनिटं इतर तपासणी करा. डोकं खुणेखाली उतरलं असेल तर सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय. सील स्वस्त असतं, व्हॉल्व्ह नसतो, म्हणून कोणतं आहे ते विचारा.

चकतीची परीक्षा

आता नवं ब्लेड चढवा आणि न कापता दोन मिनिटं फिरवा. ब्लेडची मागची कड चाकाच्या कडेपासून एक-दोन मिमी दूर राहिली पाहिजे. ती सतत घासत असेल तर ब्लेड मागून तडकत राहील, आणि ब्लेड वारंवार तुटणारं यंत्र कितीही स्वस्त मिळालं तरी महागच.

बहुतेक जण इथे एक काप घेतात, चकतीची जाडी मोजतात, ती सारखी आली की समाधान मानतात. ही पद्धत फसवी आहे. यंत्र प्रत्येक वेळी सारखंच तिरकं कापत असेल तर चकतीच्या दोन्ही बाजू सारख्याच तिरक्या येतात आणि जाडी सगळीकडे एकच भरते. म्हणून असं करा:

१. बार व्हाइसमध्ये घट्ट धरून टोक कापून टाका. ताज्या कापावर वरच्या बाजूला खडूने खूण करा.

२. व्हाइस सोडा आणि बार स्वतःभोवती अर्धा फिरवा, म्हणजे खूण खाली जाईल. पुन्हा घट्ट करा.

३. साधारण १० मिमी जाडीची चकती कापा.

४. व्हर्निअरने वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे जाडी मोजून लिहून ठेवा.

बार फिरवल्यामुळे दोन्ही कापांतली चूक एकमेकींत मिसळते. जाडीत दिसणारा फरक म्हणजे यंत्राच्या खऱ्या चुकीची दुप्पट. १०० मिमी राऊंडवर वर-खाली ०.६ मिमी फरक आला तर खरी चूक ०.३ मिमी, आणि जुन्या यंत्रासाठी हे उत्तम. दीड मिमीपर्यंत, म्हणजे आपल्या भाषेत अर्ध्या सुतापर्यंत फरक असेल तर गाइड जुळवून तो कमी होण्याची शक्यता आहे. विक्रेत्याला तिथेच जुळवायला सांगा आणि पुन्हा कापा. त्याहून जास्त असेल तर किंमत कितीही उतरवली तरी घाई करू नका.

फरक कुठे आहे, यावरून कारणही कळतं. डाव्या-उजव्या बाजूत फरक असेल तर व्हाइसचा स्थिर जबडा ब्लेडशी काटकोनात नाही. गुण्या लावून खात्री करा. हे बहुतेकदा बोल्ट सैल करून सुधारतं. वर-खाली फरक असेल तर गाइडमध्ये ब्लेड तिरकं उभं आहे. आणि कापलेला चेहराच पोटासारखा फुगला किंवा आत गेला असेल, तर ब्लेडचा ताण कमी आहे किंवा डोकं फार दाबून खाली येतंय. ताणाचा स्क्रू पूर्ण आवळूनही ताण येत नसेल तर तो स्क्रू, त्याची स्प्रिंग किंवा स्लाइड खराब आहे.

खाली पडणाऱ्या चिप्स हातात घेऊन पाहा (यंत्र बंद करून). सैल, वळलेल्या चिप्स म्हणजे फीड बरोबर. पिठासारखा चुरा पडत असेल तर दाब कमी आहे, निळ्या जाड चिप्स पडत असतील तर जास्त. फीडचा व्हॉल्व्ह हळू ते जलद असा फिरवला की डोक्याची चालही तशीच बदलली पाहिजे. एक काप चांगला आला म्हणून थांबू नका. निदान चार-पाच काप सलग घ्या, कारण तेल गरम झाल्यावर हायड्रॉलिकचे दोष उघडे पडतात.

चकत्यांवर तारीख लिहून त्या घेऊन या. पुढे वाद झालाच तर त्या कामी येतील.

आपल्याकडची वीज आणि आपल्याकडचं पाणी

या दोन गोष्टी पुण्या-हैदराबादचा विक्रेता तुम्हाला सांगणार नाही, कारण त्याच्याकडे त्या अडचणी नाहीत.

यंत्राची मोटर, हायड्रॉलिक पंप आणि कुलंट पंप यांची बेरीज करा आणि महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार पाहा. तो कमी पडत असेल तर वाढीव भाराचा अर्ज यंत्र येण्याआधी द्या. व्होल्टेज उतरतं किंवा एखादा फेज जातो तिथे सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवल्याशिवाय जुनी मोटर चालवू नका. नव्या जागी जोडणी केल्यावर आधी ब्लेडची दिशा पाहा. फेज उलटे लागले तर ब्लेड उलटं फिरतं. फक्त सिंगल फेज असेल तर लहान मोटरसाठी व्हीएफडीचा पर्याय आहे. पण त्या मोटरची जोडणी डेल्टामध्ये बदलता येते का, हे वाइंडिंगवाल्याकडून आधी तपासून घ्या.

पाण्याचं तसंच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं, हे या भागात कुणी विसरलेलं नाही. नळाला पाणी नसलं की वर्कशॉप बोअरवर येतं आणि बोअरचं जड पाणी कुलंटच्या तेलाशी नीट मिसळत नाही. वर साय धरते, टाकीत गाळ बसतो, यंत्राला गंज चढतो आणि ब्लेड लवकर बोथट होतं. कुलंटसाठी साठवलेलं पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरा. आरओ यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात. पाण्यात तेल ओतायचं, तेलात पाणी नाही. प्रमाण तेलाच्या डब्यावर लिहिलेलं असतं. ८ ते १० टक्क्यांच्या आसपास धरून चला. जुनं यंत्र बघताना कुलंटची टाकी उघडून तळाचा गाळ पाहायला विसरू नका. ज्याने टाकी कधी साफ केली नाही, त्याने गिअरबॉक्सचं तेलही बदललेलं नसणार.

किंमत ठरवताना

विक्रेत्याची किंमत कागदावर वर लिहा. खाली तपासणीत सापडलेली प्रत्येक दुरुस्ती लिहा: गाइड पट्ट्या, बेअरिंग, सील, कुलंट पंप, मोटर रिवाइंडिंग. प्रत्येकीचा दर नांदेड-लातूरच्या दुकानात विचारा. क्रेन, ट्रक, फाउंडेशनचे बोल्ट आणि वायरिंग जोडा. हा कागद विक्रेत्यासमोर ठेवून बोला. ‘काहीतरी कमी करा’ या विनवणीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

कर्ज किंवा सरकारी अनुदान घेणार असाल तर जुन्या यंत्राला ते लागू होतं का, हे बँकेकडून आणि जिल्हा उद्योग केंद्राकडून आगाऊ रक्कम देण्याआधी लेखी विचारा. जुन्या यंत्रासाठी बँक मूल्यांकनाचा दाखला मागू शकते.

कागदपत्रं आणि तुमचे हक्क

- यंत्र विक्रेत्याचंच आहे का? बंद पडलेल्या कारखान्याचं यंत्र बँकेकडे तारण असू शकतं. मूळ बिल मागा. रक्कम मोठी असेल तर ‘सरसाई’ या केंद्रीय नोंदणीत तारणाचा शोध घेता येतो. विक्रेता कंपनी असेल तर कंपनी निबंधकाकडे तिच्यावरच्या बोजाची नोंद दिसते.
- बिल घ्या. त्यावर यंत्राचा अनुक्रमांक, वर्ष, ब्लेडचं माप आणि सोबत मिळणारं सामान असू द्या. जीएसटी पूर्ण किमतीवर लावला आहे की फक्त विक्रेत्याच्या नफ्यावर, हे विचारून तुमच्या कर सल्लागाराला दाखवा. कराचं क्रेडिट त्यावर अवलंबून आहे.
- ई-वे बिल: तेलंगणातून किंवा गुजरातमधून माल येणार असेल तर ५० हजार रुपयांवर ते लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. ते कोण काढणार, हे ट्रक भरण्याआधी ठरवा.
- काम लेखी कळवा. ‘मला १०० मिमीचा ईएन-८ राऊंड रोज कापायचा आहे, यंत्र त्यासाठी योग्य आहे का?’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तुम्ही उद्देश सांगितला असेल आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबला असाल, तर १९३० च्या वस्तुविक्री कायद्यात त्या उद्देशाला योग्य वस्तू देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. मात्र तुम्ही यंत्र तपासलं असेल, तर तपासणीत दिसायलाच हवा होता अशा दोषाबद्दल नंतर तक्रार टिकणं कठीण.
- ‘जसं आहे तसं, जिथे आहे तिथे’: बँकेच्या लिलावात ही अट हमखास असते. अशा ठिकाणी चकती कापायला मिळत नसेल, तर वजनाच्या भंगारभावापेक्षा फार वर जाऊ नका.

‘धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा नाही’ असं विक्रेते सर्रास सांगतात. ते अर्धंच खरं आहे. स्वयंरोजगारातून स्वतःचा चरितार्थ चालवण्यासाठीच घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘व्यावसायिक उद्देशा’तून वगळलेली आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतः चालवण्यासाठी लेथ घेणाऱ्याचंच उदाहरण दिलं आहे. मदतीला एक-दोन माणसं ठेवली म्हणून तो ग्राहक राहत नाही असं नाही. त्या खटल्यातला खरेदीदार स्वतः मात्र हरला, कारण त्याचं यंत्र मोठ्या उत्पादनासाठी होतं. म्हणजे तुम्ही स्वतः यंत्रावर उभे राहता का, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीचं प्रकरण जिल्हा आयोगाकडे जातं आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. सगळ्यांत सोयीची गोष्ट अशी, की यंत्र हैदराबादहून घेतलं असलं तरी तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात, म्हणजे नांदेड किंवा लातूरलाच तक्रार दाखल करता येते. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

यंत्र आल्यावरचा पहिला आठवडा

ट्रकवरून उतरताना डोक्याला किंवा खांबाला दोर बांधू देऊ नका. फ्रेमच्या उचलण्याच्या जागा वापरा. फाउंडेशनवर स्पिरिट लेव्हल लावून यंत्र बसवा, गिअरबॉक्सचं आणि हायड्रॉलिकचं तेल बदला, टाकी धुऊन ताजं कुलंट भरा. मग तीच चकतीची परीक्षा पुन्हा घ्या. तिथल्या आणि इथल्या आकड्यांत फरक असेल तर वाहतुकीत काहीतरी हललं आहे. विक्रेत्याला त्याच दिवशी फोटोसह कळवा.

नवं ब्लेड लगेच पूर्ण दाबाने चालवू नका. वेग नेहमीचा ठेवा, फीड निम्मा. साधारण ३०० ते ४०० चौरस सेंटिमीटर कापून झाल्यावर फीड हळूहळू वाढवा. ७५ मिमी राऊंडचा एक काप ४४ चौरस सेंटिमीटरचा होतो, म्हणजे असे आठ-नऊ काप. ब्लेडची घडी घालताना-उलगडताना जाड हातमोजे घाला आणि यंत्र चालू करण्याआधी ते काढून ठेवा.